मानसशास्त्राच्या एम.ए.साठी पुण्यात येताय? फाइल, स्टॅट्स आणि आरशातली चांदणी

माझं बी.ए. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात झालं, मराठी माध्यमातून. मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद लोखंडी कपाट. तिथून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए.ला आले. दोन-चार गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर पहिलं सेमिस्टर निम्मं रडण्यात गेलं नसतं. आता दर उन्हाळ्यात गावाकडून कुणाची तरी धाकटी बहीण फोन करते, "ताई, फॉर्म कधी निघतात?" आणि मी पहिल्यापासून सुरू करते. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

१. फॉर्म भरण्याआधी ठरवा, नक्की व्हायचंय काय

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. औषधं लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. ते एम.बी.बी.एस. करून पुढे मानसोपचारात एम.डी. किंवा तत्सम शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. एम.ए.च्या वाटेने तुम्ही तिथे पोचणार नाही. हे आधीच माहीत असेल तर पुढचे दोन परिच्छेद सावकाश वाचा, कारण खरा सापळा त्यांत आहे.

नुसतं एम.ए. मानसशास्त्र केलं म्हणून नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम करून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. हा १९९२ च्या कायद्याचा नियम आहे. त्यासाठीची जुनी ठरलेली वाट म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. पण २०२२ मध्ये यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकलच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत प्रवेश द्यायची सवलत दिली. दरम्यान परिषदेने क्लिनिकलचे स्वतःचे नवे अभ्यासक्रम आणले, त्यांत दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकलही आहे. म्हणजे तुमच्या मोठ्या बहिणीची वाट तुमच्यासाठी उघडी असेलच असं नाही. विद्यापीठाच्या विभागातलं साधं एम.ए. आणि परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकलचं एम.ए. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिनिकललाच जायचं असेल तर आधी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा, त्या वर्षाची, आणि मगच पुढचं ठरवा. सीनियरचं ऐकू नका. माझंही ऐकू नका, यादी बघा.

दुसरा सापळा घरबसल्या पदवीचा. पूर्वी नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून मानसशास्त्राचं एम.ए. करणारे खूप होते. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राला दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देणं बंद केलं आहे. तरीही कुणी 'सगळं ऑनलाइन होईल मॅडम' म्हणत पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या. 'सहा महिन्यांत काउन्सेलर व्हा' ही जाहिरात सुद्धा त्याच मापाची. अशा कोर्सात चार गोष्टी शिकायला मिळतीलही, पण त्याची किंमत एका प्रमाणपत्राएवढीच. माझ्या एका मैत्रिणीने एम.ए.च्या दोन वर्षांच्या फीपेक्षा जास्त पैसे अशा एका कोर्सात घातले. तिच्याकडे आता लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आहे.

साधं एम.ए. करून काय होतं? शाळेत आणि संस्थांमध्ये समुपदेशनाचं काम, कंपन्यांचा एचआर, संशोधन प्रकल्प, आणि नेट-सेट देऊन प्राध्यापकी. सेट परीक्षा महाराष्ट्र-गोव्यासाठी आपलं पुणे विद्यापीठच घेतं, ही एक सोय.

२. मराठी माध्यमातून येत असाल तर एक वही करा

पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं, "रिइन्फोर्समेंट म्हणजे काय?" मी गप्प. तासाच्या शेवटी कळलं की ते आपलं 'प्रबलन' होतं. त्यावर मी बी.ए.ला पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ज्ञान होतं, पण त्याला हाक कुठल्या नावाने मारायची ते माहीत नव्हतं.

म्हणून उन्हाळ्यातच एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात वर्गात वापरतात तो इंग्रजी शब्द, तिसऱ्यात स्वतःच्या घरातलं उदाहरण. अभिसंधान म्हणजे कंडिशनिंग. अवधान म्हणजे अटेन्शन. प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. सहसंबंध म्हणजे कोरिलेशन. अपसामान्य मानसशास्त्र म्हणजे अॅबनॉर्मल सायकॉलॉजी. आणि 'अध्ययन' हा शब्द दिसला की थांबा. आपल्या पुस्तकात तो लर्निंगसाठी असतो, 'स्टडी' या अर्थाने नाही. मी एका असाइनमेंटमध्ये दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात वापरले होते.

तिसरा रकाना टाळू नका, खरं काम तोच करतो. नकारात्मक प्रबलनाला निम्मा वर्ग शिक्षा समजतो. माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे : 'आईची कटकट थांबावी म्हणून मी भांडी घासते. कटकट थांबते. दुसऱ्या दिवशी ती सुरू व्हायच्या आत घासते.' नकोशी गोष्ट निघून गेल्यामुळे वागणं वाढलं, म्हणून ते प्रबलन. शिक्षेने वागणं कमी होतं. हे एकदा स्वतःच्या मोरीत बसवलं की परीक्षेत चुकत नाही.

पेपर मराठीतून लिहायची मुभा आहे का, हे पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारा आणि नियम स्वतः वाचा. मुभा असली तरी संदर्भाची पुस्तकं आणि शोधनिबंध इंग्रजीतच असणार. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची मानसशास्त्राची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. इंग्रजी सोपं आहे. दोन्ही पुस्तकं सावकाश वाचून काढली तर शब्दांची भीती बरीच जाते, आणि प्रवेश परीक्षेचा बराच अभ्यासही त्यातच होतो.

३. प्रवेश परीक्षा आणि मेरिट लिस्ट

विभागात प्रवेश परीक्षेतून मिळतो. माझ्या वर्षी शंभर मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न होते. वीस मार्क सामान्य ज्ञान, तर्क वगैरेचे आणि ऐंशी मार्क विषयाचे. तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक शब्द न शब्द वाचा, पात्रतेची अट तर दोनदा. बी.ए.ला मानसशास्त्र नसेल तर आपण बसतो का, हे तिथेच कळतं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाही.

विषयाच्या भागात इतिहास येतोच. व्हुंटची लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९, एबिंगहाउसचं स्मृतीवरचं काम १८८५, भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग कलकत्ता विद्यापीठात. हे पाठांतराचे मार्क आहेत, सोडू नका. प्रयोगपद्धती आणि संख्याशास्त्राचे प्रश्न मात्र पाठांतराने सुटत नाहीत, त्यांना आधी वेळ द्या.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला नसला तरी फॉर्म भरता येतो का, तेही माहितीपत्रकात बघा. मेरिट लिस्ट लागल्यावर फी भरायला मोजके दिवस मिळतात. दिवस चुकला की जागा पुढच्याला जाते. त्यामुळे त्या काळात ईमेल रोज उघडा आणि फॉर्मवर सायबर कॅफेवाल्याचा नाही, स्वतःचा नंबर द्या. हसू नका, आमच्यातल्या एकाने दिला होता.

एकाच दारावर बसूनही राहू नका. फर्ग्युसनसारख्या स्वायत्त महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते, त्यांच्या तारखाही वेगळ्या. दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकून ठेवा.

४. फाइल

घरून निघताना या गोष्टी एका फाइलमध्ये हव्यात. मूळ प्रती, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन :

- दहावी, बारावी आणि पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट
- पदवीचं किंवा पासिंगचं प्रमाणपत्र
- टी.सी.
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
- आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर)
- जातीचा दाखला, असेल तर जात वैधता
- ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी वगैरेंना नॉन-क्रिमी लेयर
- उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट फोटो, अंदाजाने लागतील त्याच्या दुप्पट

यातल्या दोन कागदांनी माणसं रडतात. एक मायग्रेशन. ते जुन्या विद्यापीठातून काढावं लागतं आणि तुम्ही पुण्यात आल्यावर ते तिकडेच राहतं. मी आळस केला, 'नंतर काढू' म्हटलं आणि दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस त्यात घातले. दुसरा नॉन-क्रिमी लेयर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी काढला होता म्हणून निवांत राहू नका, त्यावर कुठल्या वर्षाचा ३१ मार्च आहे ते बघा. संपला असेल तर एप्रिलमध्येच सेतूत अर्ज टाका. जूनमध्ये अख्खा तालुका तिथे उभा असतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो. प्रवेश झाला म्हणजे तो आपोआप होत नाही. वसतिगृह मिळालं नाही तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत बसता का बघा. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजनाही आहे. त्यात काम करण्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या पहिल्या वर्षाचा डब्याचा खर्च त्यातून निघाला.

५. स्टॅट्स, स्टॅट्स, स्टॅट्स

स्टॅट्स म्हणजे संख्याशास्त्र. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आपण कलाशाखेत आलेलो असतो. आणि एम.ए.ला पहिल्याच सेमिस्टरमध्ये संशोधन पद्धती पुढ्यात येते. मानसशास्त्र म्हणजे गप्पा आणि सहानुभूती, असं समजून आलेले बहुतेक जण इथे गळपटतात. विभागात मन वाचायला शिकवत नाहीत, मोजायला शिकवतात. मोजताना आपण कुठे चुकू शकतो, हे तर फारच शिकवतात.

घाबरण्यासारखं गणित त्यात नाही. बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि वर्गमूळ. घरी बसून एक काम करा. शेजारपाजारच्या दहा जणांना 'काल रात्री किती तास झोपलात' विचारा. सरासरी काढा. प्रत्येकाचं उत्तर सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा, त्याचे वर्ग करा, त्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या. झालं प्रमाण विचलन. कॅल्क्युलेटरशिवाय एकदा तरी करा, कारण बोटांना कळलं की पुढचं सगळं कळतं.

मग वेक्सलरच्या बुद्धिमत्ता चाचणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असतं, या वाक्याला अर्थ येतो. ८५ ते ११५ च्या दरम्यान साधारण अडुसष्ट टक्के माणसं बसतात. म्हणजे शेजारच्या काकू 'आमच्या बंटीचा आयक्यू ११२ आला' म्हणून पेढे वाटतात तेव्हा बंटी त्या अडुसष्टांतलाच एक असतो. पेढा खा, बोलू नका.

टी-टेस्ट, काय-स्क्वेअर आणि अॅनोव्हा या संख्याशास्त्राच्या तीन कसोट्यांत कधी काय वापरायचं, याचा एक तक्ता करून पलंगाच्या डोक्याशी लावा. सॉफ्टवेअर म्हणून सगळे एसपीएसएसचं नाव घेतात. ते महाग आहे आणि त्याची चोरटी प्रत घेऊन लॅपटॉपमध्ये व्हायरस आणायची गरज नाही. जामोवी आणि पीएसपीपी फुकट आहेत, एम.ए.च्या प्रोजेक्टला पुरून उरतात.

६. प्रॅक्टिकल : इथे तुमचा सब्जेक्ट देव असतो

माझं पहिलं प्रॅक्टिकल आरशातल्या चांदणीचं होतं. धातूच्या पाटीवर चांदणीच्या आकाराची खाच असते. समोर आरसा, आणि पाटी थेट दिसू नये म्हणून वर आडोसा. हातात धातूची लेखणी घेऊन, फक्त आरशात बघत, खाचेतून फिरायचं. कडेला लागलात की काउंटरवर चूक पडते. आधी डाव्या हाताने करायचं, मग उजव्या हाताने दहा वेळा सराव, मग पुन्हा डाव्याने. उजव्या हाताने शिकलेलं डाव्याला किती मिळालं, हे बघायचं.

सब्जेक्ट म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. मी रूममेटला पकडून नेलं. पहिल्या कोपऱ्यापर्यंत ती झोकात गेली आणि तिथे अडकली. लेखणी पुढे न्यायची तर हात मागे येतोय. काउंटर खटखट वाजतोय. "अगं, माझा हातच ऐकत नाहीये!" म्हणून ती हसायला लागली. मला दया आली. म्हटलं, "बरोबर चाललंय गं, थोडं डावीकडे."

मॅडम मागेच उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "हा डेटा आता कुणाचा? तिचा की तुझा?" पान रद्द. आणि तोच सब्जेक्ट परत वापरता येत नाही, कारण ती आता शिकली होती. नवीन सब्जेक्ट शोधण्यात तीन दिवस गेले.

तेव्हापासूनचे माझे नियम. सूचना कागदावर लिहून घ्या आणि जशाच्या तशा वाचा, एकीला 'बघ हं' आणि दुसरीला 'लक्षपूर्वक बघा' नाही. संमतीपत्रावर सही आधी, प्रयोग नंतर. प्रयोग चालू असताना चेहरा दगडाचा ठेवा. सब्जेक्ट काय बोलला, कुठे थांबला, हे लगेच टिपून घ्या. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या चर्चेच्या भागाला हेच कामी येतं. माझ्या रूममेटचं ते 'हात ऐकत नाही' मला लिहिता आलं असतं, तर त्यातून फार चांगलं पान झालं असतं. आणि सब्जेक्टला नंतर चहा पाजा. पुढच्या वेळी तेच लागतात.

चाचण्यांबद्दल एक जपून. भाटियांची कृती-चाचणी, रेव्हनच्या आकृत्या अशा बुद्धिमत्तेच्या चाचण्या, व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या हाताळायला मिळाल्या की उत्साह येतो आणि सुट्टीत गावी जाऊन भाच्यावर चाचणी घ्यावीशी वाटते. घेऊ नका. चाचणीचे फोटो काढून पाठवू तर अजिबात नका. प्रश्न फुटले की चाचणी संपली. शिवाय प्रत्येक चाचणीची मानकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून बघायचे ते आकडे, कुठल्यातरी ठरावीक लोकांवरून काढलेली असतात. भाटियांची मूळ मानकं उत्तर प्रदेशातल्या अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांवरची आहेत. ती तुमच्या गावच्या सात वर्षांच्या मुलीला लावून 'मंद' म्हणणं हे अज्ञान आहे. डॉ. कामतांनी स्वातंत्र्याच्याही आधी बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी मुद्दाम नव्याने बसवली, ती याचसाठी.

७. राहणं आणि जयकर

विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर उत्तम, अर्ज पहिल्या दिवशी टाका. नाही मिळालं तर खडकी, गोखलेनगर, पांडवनगर, औंध, सांगवी या बाजूंना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका पलंगापुरतं भाडं देऊन, जागा मिळते. डिपॉझिट देण्याआधी पाणी किती वाजता येतं आणि सोडताना किती दिवसांची नोटीस लागते, एवढे दोन प्रश्न विचारा. विद्यापीठ चौकाच्या ट्रॅफिकला कमी लेखू नका. परीक्षेच्या दिवशी अर्धा तास त्याच्या नावाने सोडा. आणि आवार ४११ एकरांचं आहे, गेटपाशी उतरलात म्हणजे पोचलात असं नाही.

जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच करा. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षावाले सकाळपासून जागा धरतात, तुम्हीही सकाळीच जा.

८. ओजेटी आणि प्रोजेक्ट

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. जागा शोधायला उशीर केलात की मिळेल तिथे जावं लागतं. पुण्यात या विषयाचं काम जवळून बघण्यासारखी ठिकाणं पुष्कळ आहेत. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणारं मुक्तांगण आहे. सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी आहे. तिची स्थापना १९६२ ची, आणि बुद्धिमत्ता मापनाचं मराठीतलं मोठं काम तिथे झालं आहे. कुठेही गेलात तरी विभागाचं पत्र घेऊन जा, परवानगी मिळायला वेळ लागतो हे धरून चाला. आणि तिथे भेटलेल्या माणसाची गोष्ट मेसमध्ये जेवताना सांगायची नाही, नाव बदलून सुद्धा नाही.

९. नातेवाइकांचे फोन

प्रवेश घेतल्याच्या महिनाभरात सुरू होतात. माझ्या मावशीचा फोन आला, "तू मानसशास्त्रवाली ना, आमच्या पोराला जरा समजाव, खोलीतून बाहेर येत नाही." मी एक तास समजावलं, आणि नंतर रात्रभर मलाच झोप नाही. चुकलंच. आपल्याच घरातल्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नसतं, आणि एम.ए. भाग एकच्या विद्यार्थ्याने तर कुणाचंच नाही. ऐकून घ्या आणि टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. सरकारी आहे, फुकट आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिकडे पाठवा. मुलगा जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि हो, प्रॅक्टिकलला वेगळं स्टॉपवॉच घ्यायची गरज नाही, मोबाइलचं चालतं. फक्त फ्लाइट मोडवर टाका. माझ्या नवीन सब्जेक्टची आठवी ट्रायल चालू असताना मावशीचाच फोन आला होता.